धुवणातली चांदी : रेझिन कॉलम लावावा का?

अंबडचा_प्लेटर

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. नाशिकच्या अंबडला माझी छोटी शेड आहे, सात माणसं. स्विचगिअरवाल्यांचे तांब्याचे बसबार (वीज वाहून नेणाऱ्या पट्ट्या) आणि कॉन्टॅक्ट जॉबवर्कला येतात, त्यांवर आम्ही चांदी चढवतो. बाथ, म्हणजे चांदी चढवायचं द्रावण, सायनाइडचाच, ६०० लिटर, चांदी लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास. जस्ताचं काम केव्हाच बिनसायनाइडवर नेलं, पण चांदीच्या बाबतीत आमचं गिऱ्हाईक दुसरं काही ऐकून घेत नाही.

मागच्या महिन्यात चांदीचा हिशोब मांडायला बसलो. विकत घेतलेली किती आणि मालावर गेलेली किती, मेळच बसेना. आधी मनात नको त्या शंका आल्या. एका पोराकडे चार दिवस वाकड्या नजरेनं बघितलं, त्याची आता लाज वाटते. मग प्लेटिंगनंतर माल धुतो त्या वाहत्या पाण्याचा नमुना लॅबला दिला. लिटरला ४० मिलिग्रॅम चांदी!

एक जण म्हणाला, आयन एक्स्चेंज रेझिन लाव, म्हणजे पाण्यातले आयन पकडणारे बारीक मणी, सगळी धरून ठेवतं. माझ्याकडे जुना डीएम प्लांट (पाण्यातले क्षार काढणारा) धूळ खात पडलाय, कॅटायन (धन आयन पकडणारं) आणि ॲनायन (ऋण आयन पकडणारं) अशी दोन व्हेसल, रेझिनसकट. त्यातूनच हे पाणी फिरवावं म्हणतो. खर्च काहीच नाही. कुणी केलंय का?

सातपूरचे_काका

थांबा. हे वाचून होईपर्यंत त्या प्लांटचा एकही व्हॉल्व्ह उघडू नका.

डीएम प्लांटमध्ये पाणी आधी कॅटायनमधून जातं. ते रेझिन हायड्रोजन फॉर्ममध्ये असतं, म्हणजे पाण्यातलं पोटॅशियम घेतं आणि बदल्यात आम्ल सोडतं. तुमच्या पाण्यात सायनाइड आहे. आम्ल मिळालं की त्याचा हायड्रोजन सायनाइड होतो, आणि तो २६ अंशांना उकळतो. आपल्याकडे एप्रिलात शेडमध्ये किती तापतं ते तुम्हाला माहीत आहे. पाणी पातळ आहे म्हणून काही होत नाही, असं कुणी म्हणेल. बंद व्हेसलच्या डोक्यावर जमलेली हवा तुम्ही झाकण काढताना छातीत घेणार, तेव्हा पाणी पातळ होतं हे उपयोगी पडत नाही.

वर चांदीही हातची जाते. आम्लात तिचा कॉम्प्लेक्स, म्हणजे सायनाइडशी बांधलेली जोडी, मोडून पांढरा सिल्व्हर सायनाइड खाली बसतो आणि कॅटायनचा बेड चोंदतो.

आता दोन प्रश्नांची उत्तरं द्या. वाहत्या पाण्याचा नळ तासाला किती? आणि त्याच्या आधी उभ्या पाण्याची टाकी, म्हणजे ड्रॅग-आउट टाकी, आहे का?

अंबडचा_प्लेटर

काका, हात जोडतो. उद्या सकाळीच चालू करणार होतो.

नळ तासाला साधारण २०० लिटर, आठ तास. ड्रॅग-आउट टाकी नाही. बाथमधून काढला की थेट वाहत्या पाण्यात.

सातपूरचे_काका

मग पाटी-पेन्सिल घ्या. २०० गुणिले ८, दिवसाला १६०० लिटर. लिटरला ४० मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला ६४ ग्रॅम. महिन्याचे कामाचे २५ दिवस धरले तर १ किलो ६०० ग्रॅम.

तर्रीबाज

काका, आधी त्याला बसायला सांगायचं, मग आकडा द्यायचा.

गोदाकाठ

चांदीचं दुःख कळलं, पण त्या ४० मिलिग्रॅमबरोबर सायनाइडही वाहतंय, त्याचं काय? नासर्डी नदी अंबड-सातपूरकडून येऊन गोदावरीलाच मिळते. २०२७ ला कुंभमेळा आहे, लाखो लोक त्या पाण्यात बुड्या मारणार. प्लेटिंगच्या सांडपाण्यात सायनाइडची मर्यादा लिटरला ०.२ मिलिग्रॅम आहे. तुम्ही कुठे आहात?

अंबडचा_प्लेटर

ताई, नाल्यात थेंब सोडत नाही. ईटीपीमध्ये (सांडपाणी शुद्धीकरणात) कॉस्टिकनं पीएच चढवून हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) मारतो. सायनाइडचा रिपोर्ट दर वेळी मर्यादेत येतो. खाली बसलेला स्लज, म्हणजे गाळ, वाळवून विल्हेवाटीला पाठवतो, किलोवर पैसे मोजून.

सातपूरचे_काका

गोदाकाठ ताईंच्या प्रश्नातच तुमच्या चांदीचा पत्ता आहे. हायपोनं सायनाइड मोडलं की चांदीला धरून ठेवणारं कुणी उरत नाही. पाण्यात क्लोराइड भरपूर, मग ती सिल्व्हर क्लोराइड होऊन स्लजमध्ये बसते. वाळवलेला स्लज तुम्ही पैसे देऊन पाठवता.

अंबडचा_प्लेटर

म्हणजे नऊ वर्षं मी पैसे देऊन चांदी टाकतोय??

तर्रीबाज

आणि वर पोचपावती घेऊन.

सराफकट्टा

आमच्या सराफ बाजारात झारेकरी असायचे, अजून काही आहेत. दुकानापुढची माती, भट्टीची राख, पाट झाडून आलेला केर, सगळं घेऊन जायचे आणि धुऊन-गाळून त्यातून सोनं काढायचे. केर विकत घ्यायचे बरं, फुकट नाही. माझे आजोबा शेड झाडायचा कुंचासुद्धा बाहेर जाऊ द्यायचे नाहीत, जुना झाला की जाळून राख ठेवायचे. प्लेटरभाऊ, तुम्ही केर उचलायला माणसाला पैसे देताय.

धाग्याचा विषय रेझिन आहे, म्हणून विचारतो. हे रेझिन म्हणजे पाण्यातला झारेकरीच का? लाखो लिटर पाण्यातून ते नेमकं चांदीच कसं निवडतं?

मीनल_के

निवडतं, पण नेमकं चांदीच नाही. मी कॉलेजात शिकवते, थोडं सविस्तर लिहिते, कंटाळा आला तर पुढे जा.

धातू म्हटलं की आपण धन प्रभाराचा आयन धरून चालतो. सायनाइडच्या पाण्यात तसं नसतं. चांदीच्या दोन्ही बाजूंना एकेक सायनाइड घट्ट चिकटलेलं असतं, काठीसारखी सरळ रचना, आणि एकूण प्रभार उणे एक. म्हणून तिला पकडायला कॅटायन नव्हे, ॲनायन रेझिन लागतं. त्याच्या मण्यांवर धन प्रभाराचे कायमचे गट असतात आणि नवीन रेझिनमध्ये त्यांच्याशेजारी क्लोराइड बसलेलं असतं. चांदीचा कॉम्प्लेक्स येतो, क्लोराइडला उठवतो, स्वतः बसतो.

क्लोराइड इतक्या सहज का उठतं? लहान, एकवटलेल्या प्रभाराच्या आयनाला पाणी चहूबाजूंनी बिलगून असतं, त्याला पाण्यातच बरं वाटतं. हा कॉम्प्लेक्स मोठा आणि त्याचा प्रभार पसरलेला. पाण्याला त्याचं फारसं कौतुक नाही. रेझिनचा मणी मुळात प्लॅस्टिकच्या जातीचा, सेंद्रिय, तिथे तो जास्त रमतो. सोन्याचा कॉम्प्लेक्स तर चांदीपेक्षाही घट्ट बसतो, इतका की काढताना नाकी नऊ येतात.

आता इतर धातू. तांब्याबरोबर सहसा तीन सायनाइड असतात आणि प्रभार उणे दोन, म्हणून एक तांबं दोन जागा अडवतं. तुमचा माल तांब्याचाच, तेव्हा तांबं पाण्यात असणारच. जस्त आणि निकेल चार सायनाइड घेऊन येतात, तेही चांगले चिकटतात. सगळ्यात वाईट लोखंड. सहा सायनाइड, प्रभार उणे चार. हे फेरोसायनाइड रेझिनच्या जागा खातं आणि हायपोनंही मोडत नाही. बाथच्या तळाशी पडलेला एखादा लोखंडी हुक दिसला तर आधी तो काढा.

अंबडचा_प्लेटर

मॅडम, वाचल्या वाचल्या चुंबक दोरीला बांधून बाथमध्ये फिरवला. तीन बोल्ट आणि एक पाना निघाला. पाना माझाच होता, दिवाळीपासून शोधत होतो.

खाणीतला_नाशिककर

मी मूळचा पंचवटीचा, सध्या आफ्रिकेत सोन्याच्या खाणीत प्रोसेसला आहे. आमच्याकडे हेच काम टनांच्या हिशोबात चालतं. दगड दळून सायनाइडच्या पाण्यात सोनं विरघळवायचं. १८८७ पासूनची पद्धत, ग्लासगोच्या मॅकार्थर आणि फॉरेस्ट बंधूंच्या पेटंटपासूनची. विरघळलेलं सोनं परत पकडायला बहुतेक खाणी नारळाच्या करवंटीचा ॲक्टिव्हेटेड कार्बन वापरतात, तो स्वस्त आणि दणकट पडतो. पण उझबेकिस्तानातल्या मुरुनताऊच्या प्रचंड खाणीत सोव्हिएत काळापासून रेझिन आहे, थेट चिखलातच रेझिन घालून.

कार्बनचं रेझिनपुढे एक दुखणं आहे. तेल, ग्रीस, सेंद्रिय माल आला की तो मंदावतो, आणि त्याला पुन्हा तापवून जागं करावं लागतं. रेझिनला भट्टी लागत नाही. उलट रेझिनचं दुखणं म्हणजे वर मीनलताईंनी लिहिलेली गर्दी. त्यावर दक्षिण आफ्रिकेतल्या मिंटेक संस्थेनं मिनिक्स नावाचं रेझिन काढलं. त्याच्या धन गटांवर लांब कार्बन साखळ्या लावल्या, गट एकमेकांपासून लांब राहिले. दोन प्रभारांच्या तांब्याला शेजारशेजारच्या दोन जागा हव्या असतात, त्या मिळेनात. एका प्रभाराच्या सोन्याला एक जागा पुरते. मला ही युक्ती फार आवडते. लोकलमध्ये चौथी सीट ठेवलीच नाही तर जोडप्याची पंचाईत होते, तसं.

प्लेटरला यातून घ्यायचं ते असं की ब्राइटनर (चकाकी आणणारं रसायन) काढायला बाथवर कार्बन फिरवत असाल, तर वापरलेला कार्बन कचऱ्यात टाकू नका. त्यातही चांदी आहे.

स्वस्तात_मस्त

एवढी चर्चा कशाला? स्ट्राँग बेस ॲनायन रेझिन आणा, कॉलम भरा. भरला की हायड्रोक्लोरिकनं रिजनरेट (पुन्हा ताजा) करा, चांदी बाहेर. आमच्याकडे पाण्याच्या प्लांटला असंच करतात.

सातपूरचे_काका

अहो, पाण्याच्या प्लांटचं गणित इथे लावू नका. चांदीच्या सायनाइड कॉम्प्लेक्सनं भरलेल्या बेडवर आम्ल ओतणं म्हणजे मघाचाच वायू, पण आता कितीतरी जास्त. शिवाय चांदी मण्यांच्या आतच सायनाइड किंवा क्लोराइड होऊन गोठते, बाहेर येतच नाही. मिठाच्या पाण्यानंही ती पुरती सुटत नाही. थायोसायनेटनं सुटते, कारण थायोसायनेट स्वतः रेझिनवर घट्ट बसणारा आयन आहे. मग ते थायोसायनेट उठवायचं कसं, हा पुढचा खेळ. खाणीत तो परवडतो. सात माणसांच्या शेडमध्ये नाही.

छोट्या प्लेटरांनी भरलेलं रेझिन सरळ परवानाधारक रिफायनरीला द्यावं. ते बंद भट्टीत, धुराची व्यवस्था असलेल्या ठिकाणी जाळतात आणि राखेतून चांदी काढतात. सराफकट्टा यांच्या आजोबांचा कुंचा तोच. फक्त हे शेडमागे ड्रममध्ये जाळू नका, धुरात सायनाइड असतं. आणि असं रेझिन २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या पहिल्या अनुसूचीत येतं, तेव्हा मॅनिफेस्टशिवाय (वाहतुकीच्या नोंदपत्राशिवाय) हलवायचं नाही.

आता प्लेटरभाऊंचा मूळ प्रश्न. रेझिन लावावं का? लावा, पण शेवटी. बहुतेक जण उलटं करतात. सेल्समन कॉलम दाखवतो, कॉलम चकाचक दिसतो, मग पैसे तिथेच जातात.

६४ ग्रॅमला बाथच्या ३५ ग्रॅमनं भागा. रोज पावणेदोन लिटरच्या वर बाथ मालाला चिकटून बाहेर येतो. हे आधी कमी करा. जिग (माल टांगायची चौकट) बाथच्या वर दहा गणती धरायची, बसबार आडवा न टांगता तिरका टांगायचा, म्हणजे एका कोपऱ्यातून थेंब गळतो. याला एक रुपया लागत नाही.

मग २०० लिटरची उभ्या पाण्याची टाकी ठेवा. माल आधी तीत बुडवायचा, मग वाहत्या पाण्यात. हे पाणी परत बाथमध्ये घालावं असं वाटेल, निकेलवाले घालतात. पण निकेलचा बाथ गरम, त्याची वाफ होते, जागा होते. चांदीचा बाथ थंड, त्यात परत घालायला जागा कुठे? म्हणून या टाकीत छोटा रेक्टिफायर (डीसी वीज देणारं यंत्र) लावून चांदी विजेनं काढायची. स्टेनलेसचा कॅथोड, ॲनोड प्लॅटिनाइज्ड टायटॅनियमचा. साधं लोखंड नको, फेरोसायनाइडची पीडा मागे लागेल. चांदी पत्र्यासारखी कॅथोडवर बसते, सोलून काढता येते. टाकीत लिटरला एक ग्रॅम राहील इतकं चालवलंत तरी पुढच्या वाहत्या पाण्यात रोज दोनच ग्रॅम जातील. ६४ चे २.

त्या दोन ग्रॅमसाठी रेझिन. विजेनं इतक्या पातळ पाण्यातून काढायला गेलात तर करंट सगळा पाणी फोडण्यात जातो, तिथे रेझिनची बरोबरी कशाला नाही. २५ लिटरचे दोन कॉलम, एकामागे एक. पहिला भरला की तो काढायचा, दुसरा पहिल्या जागी, नवा मागे. तासाला २०० लिटर म्हणजे बेडच्या आठपट, हा वेग ठीक आहे. स्ट्राँग बेस रेझिनची क्षमता लिटरला एक इक्विव्हॅलंट (एकेरी प्रभाराच्या एक मोल जागा) धरली तर कागदावर लिटरला १०८ ग्रॅम चांदी बसते. तांबं, कार्बोनेट, मोकळं सायनाइड जागा अडवणार, म्हणून निम्म्याच्याही खाली धरा. २५ लिटरला हजार ग्रॅम. आज लावलात तर सोळा दिवसांत भरेल. दोन ग्रॅमवर आणून लावलात तर वर्षभर तरी बघायला नको.

मीनल_के

काकांना पुरवणी. पाण्याचा पीएच कायम १०.५ च्या वर ठेवा. ९.२ च्या आसपास निम्मं सायनाइड हायड्रोजन सायनाइडच्या रूपात असतं, आणि तो पाण्यातून वायू होऊन निसटतो. कडू बदामाच्या वासावर विसंबू नका, बऱ्याच लोकांना तो वास जन्मतःच येत नाही. शेडमध्ये गॅस डिटेक्टर लावा, एकट्या माणसाला तिथे ठेवू नका, आणि जवळच्या रुग्णालयात हायड्रॉक्सोकोबालामिन (सायनाइडवरचा उतारा) मिळतं का ते आजच विचारून ठेवा. तांबं पिकलिंग (आम्लात साफ) करायची ॲसिडची टाकी आणि सायनाइडचं पाणी एकाच गटारात उतरत नाही ना?

अंबडचा_प्लेटर

उतरत होतं. काल भिंत घालून वेगळं केलं. तुम्ही विचारलं नसतं तर डोक्यात आलं नसतं.

अजून एक. पाणी बोअरचं आहे, जड. चालेल?

सातपूरचे_काका

नाही. अल्कली आणि कार्बोनेटमध्ये कॅल्शियम पांढरं होऊन बसतं, मण्यांवर साय धरते. सॉफ्टनरचं घ्या. सॉफ्टनरही कॅटायन रेझिनच, पण सोडियम फॉर्ममध्ये आणि धुण्याआधीच्या स्वच्छ पाण्यावर, म्हणून त्याला भिऊ नका.

आणि हायपो रेझिनच्या नंतर टाका, आधी नाही. मी नोकरीत असताना एका कारखान्यात हायपोची लाइन चुकून कॉलमच्या आधी जोडली गेली. जोडणारा मीच. दोन महिन्यांत मण्यांची साबुदाण्याची खिचडी झाली, गाळणीतून वाहून गेली. साहेबांनी विचारलं रेझिन कुठे गेलं, तर दाखवायला काही उरलं नव्हतं.

गोदाकाठ

म्हणजे रेझिन लावूनही ईटीपी राहणारच?

सातपूरचे_काका

राहणारच. मोकळं सायनाइड रेझिनवर सैल बसतं, गर्दी झाली की तेच आधी उठतं आणि पुढे जातं. पण हायपोला आता खूप कमी काम उरेल. सायनाइडला नुसतं सायनेटपर्यंत न्यायला वजनाच्या पावणेतीनपट क्लोरीन लागतो, शेवटपर्यंत न्यायला जवळपास सातपट. तेवढा क्लोरीन तुमच्या पाण्यातून कमी झाला, तर नासर्डीलाही बरंच.

अंबडचा_प्लेटर

दोन महिन्यांनी लिहितोय. उशिराबद्दल माफी, सीझन होता.

ड्रॅग-आउट टाकी बसवून ३० कामाचे दिवस झाले. कॅथोडवरून १ किलो ४० ग्रॅम चांदी सोलली. सराफकट्टा, वजन तुमच्या गल्लीतच करून घेतलं. काकांच्या हिशोबापेक्षा कमी निघाली म्हणून आधी हिरमुसलो, मग लक्षात आलं की जिग गळू देतो म्हणून मुळात बाहेरच कमी येतेय. बाथमध्ये सिल्व्हर सॉल्ट घालायचं प्रमाणही उतरलंय.

रेझिनचे दोन कॉलम मागच्या आठवड्यात चालू केले. आत जाणारं पाणी लॅबमध्ये लिटरला १.३ मिलिग्रॅम आलं. पहिल्या कॉलमच्या बाहेरच्या पाण्यात रोज संध्याकाळी सोडियम सल्फाइडचा थेंब टाकून बघतो, अल्कलीतच. चांदी जोरात सुटली तर काळपट झाक यायला हवी. अजून स्वच्छ आहे. लॅबचा रिपोर्ट महिन्यातून एकदा.

जुना डीएम प्लांट भंगारात दिला. आणि ज्या पोरावर संशय घेतला होता, त्यालाच जिगवर ठेवलंय. दहा गणती मोठ्यानं मोजतो, सगळ्या शेडला ऐकू जाते.

सातपूरचे_काका

त्याला बारा मोजायला सांगा. लांब बसबारला दहा कमी पडतात.